फळीवरची करवत आणि बाटलीतले पेट्रोल

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, दिवेआगर भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे सरकले. दोन्ही वेळी रस्त्यावर पडलेली झाडे हटवायला साखळीची करवत सर्वांत जास्त कामी आली. कुऱ्हाडीला दिवस लागला असता ते काम हे यंत्र बघता बघता उरकते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. चेनसॉ, गावाकडच्या बोलीत नुसता ‘कटर’, पूर्वी वखारवाल्याकडे नाहीतर ठेकेदाराकडे असायचा. आता तो बागायतदाराच्या पडवीत आला आहे, आणि एकटा आलेला नाही. खोडासाठी एक मोठा, फांद्यांसाठी एक हलका, गवत कापायचा ग्रासकटर, फवारणीचा पंप, आणि अलीकडे ऑनलाइन मागवलेली बॅटरीवरची एकहाती छोटी करवत. जिन्याखालची जागा किंवा रिकामा पडलेला गोठा हा घरचा वर्कशॉप झाला आहे.

या यंत्रांबद्दल जे काही सांगितले जाते ते चालवण्याबद्दल असते. हेल्मेट घाला, दोन्ही हातांनी धरा, पानाच्या टोकाने कापू नका. सांगणे योग्यच आहे. पण घरगुती करवत वर्षातले मोजके दिवस चालते. बाकीचे सगळे दिवस ती घरात, माणसांच्या सोबत असते. ती कुठे आणि कशी ठेवली आहे हा सुतारकामाइतकाच आरोग्याचा प्रश्न आहे, आणि तो तसा पाहिला जात नाही. करवतीच्या बऱ्याच अपघातांची तयारी आधीच फळीवर झालेली असते.

सर्वांत मोठा धोका करवतीच्या दातांत नाही. तो शेजारच्या बाटलीत आहे.

टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून द्यावे लागते. यंत्र आणि ऑइल यांनुसार लिटरला २० ते ४० मिलिलिटर. हे मिश्रण घरोघरी पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत केले जाते, कारण बाटली फुकट असते, तिच्यावर मापाचा अंदाज येतो आणि ती रानात न्यायला सोपी पडते. टू-टी ऑइलमध्ये मुद्दाम रंग घातलेला असतो, म्हणजे मिश्रण केलेले पेट्रोल साध्यापासून ओळखता यावे. परिणामी बाटलीत कधी हिरवट, कधी निळसर, कधी लालसर द्रव दिसतो. सरबताच्या बाटलीत सरबताच्या रंगाचे पेट्रोल! तीन वर्षांच्या मुलाला त्यातला फरक कळत नाही, आणि उन्हातून आलेला गडीही कधी कधी पहिला घोट गिळून मोकळा होतो.

इथे वैद्यकाची एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पेट्रोल पोटात गेल्याने जेवढे नुकसान होते त्याहून कितीतरी जास्त ते फुप्फुसात गेल्याने होते. पेट्रोल अतिशय पातळ असते, चटकन पसरते. गिळताना ठसका लागला आणि काही थेंब श्वासनलिकेत उतरले, तरी ते वायुकोशांपर्यंत पसरते आणि रासायनिक न्यूमोनिया होतो. म्हणूनच घरोघरी जो पहिला उपाय सुचतो, म्हणजे मिठाचे पाणी पाजून उलटी काढणे, तो इथे घातक ठरतो. उलटीबरोबर पेट्रोल पुन्हा घशाशी येते आणि फुप्फुसात जायची दुसरी संधी मिळते. दूध पाजूनही काही साधत नाही. पोट भरले की उलटीची शक्यता वाढते एवढेच. अंगावर सांडले असेल तर कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावे, बाटली सोबत घ्यावी आणि १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. मूल ठणठणीत दिसते म्हणून घरी थांबणे चुकीचे आहे. खोकला, धाप, ताप ही लक्षणे काही तासांनी उमटू शकतात, आणि डॉक्टर अशा मुलाला निदान सहा तास नजरेखाली ठेवतात ते यासाठीच.

स्टोव्ह होते तेव्हा रॉकेलच्या बाटलीने हेच केले. गॅस घरोघरी पोहोचला तशी ती बाटली स्वयंपाकघरातून गेली. आता तिची बहीण पडवीत येऊन बसली आहे. तिच्यावर चिठ्ठी चिकटवून भागणार नाही, कारण ज्याला धोका आहे त्याला वाचता येत नाही. इंधन कधीही खाण्यापिण्याच्या भांड्यात ठेवायचे नाही, हा नियम घरात चपला बाहेर काढण्याइतका पक्का व्हायला हवा. इंधनासाठीच बनवलेला, घट्ट फिरकीच्या झाकणाचा कॅन घ्यावा. यंत्र काही हजारांचे घेतले जाते आणि कॅनसाठी हात आखडतो, यात हिशेबही नाही.

कॅन घेतला तरी तो ठेवायचा कुठे, हे उरतेच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जाऊन विरत नाही. जमिनीलगत, पाण्यासारखी उताराकडे सरकते. थंड हवेतही पेट्रोलमधून पेटण्याइतकी वाफ सुटते, आणि हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोहोचले की एक ठिणगी पुरते. कोकणातल्या घराचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. पडवीच्या मागे न्हाणीघर, न्हाणीघरात सोडणे घालून पेटवलेला बंब. जिन्याखाली इन्व्हर्टर, त्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडणारी. शेजारी पाण्याच्या मोटरचा स्टार्टर, दर वेळी चालू होताना ठिणगी टाकणारा. नेमक्या याच कोपऱ्यात करवत आणि कॅन ठेवला जातो, कारण घरातली ‘अडगळीची’ जागा तीच. पेट्रोल आणि ज्योत यांच्यात भिंत आहे एवढ्यावर समाधान मानू नये. भिंतीला खाली दार असते आणि दाराखाली फट.

पेट्रोलियम कायद्याने (१९३४) विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते. पण कायद्याने चालते म्हणजे झोपायच्या खोलीशेजारी चालते असे नाही. पेट्रोलमध्ये बेन्झिन असते. भारतात त्याची मर्यादा आकारमानाच्या एक टक्का आहे. बेन्झिनने रक्ताचा कर्करोग होतो हे ठामपणे सिद्ध झालेले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते पहिल्या गटात, म्हणजे माणसाला निश्चित कर्करोगकारक, असे ठेवले आहे. महिन्यातून एकदा टाकी भरताना येणाऱ्या वासाने घाबरून जायचे कारण नाही. पण वर्षभर बंद खोलीत ‘थोडासा पेट्रोलचा वास’ येत असेल, तर त्या खोलीत कोणीही झोपू नये. वास येतो याचा अर्थच झाकण गळते आहे.

घरापासून सुटी, पत्र्याची किंवा चिऱ्याची, खाली-वर जाळीची झडप असलेली छोटी खोपी, आणि तिला कुलूप. बागायतदाराच्या आवारात एवढी जागा निघते. शहरातल्या फ्लॅटमध्ये ती निघत नाही. तिथे पेट्रोलची करवत असूच नये.

आता टाकीत उरलेल्या पेट्रोलकडे. काम संपले की करवत तशीच फळीवर जाते, टाकी अर्धी भरलेली. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर आले आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळते. करवत बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत मात्र १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. कोकणच्या पावसाळ्यात तर विचारायला नको. पाणी पुरेसे मुरले की इथेनॉल आणि पाण्याचा थर पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतो. टाकीतली नळी तळातूनच शोषते, आणि ऑइल असते वरच्या थरात. इंजिन चालू झालेच तर ते ऑइलविना चालते आणि जाम होते. शिवाय उडून गेलेल्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर कार्ब्युरेटरच्या केसाएवढ्या छिद्रांत बसतो, त्यातला पातळ पडदा कडक होतो.

यात आरोग्य कुठे आले? मे महिन्यात ठेवलेली करवत जुलैत रात्री, वादळात, दारात फणस आडवा पडल्यावर बाहेर काढली जाते. ती सुरू होत नाही. दोरी वीस-पंचवीस वेळा ओढून खांदा भरून येतो. मग ती जमिनीवर टेकवून, पायाने दाबून सुरू करायची शिस्त सुटते आणि हवेत झटका देऊन ओढली जाते. कशीबशी सुरू झाली तरी रेस सोडली की बंद पडते, म्हणून कोणीतरी आयडलचा स्क्रू पिळतो. आता इंजिन बंद पडत नाही, पण रेस न देताही साखळी फिरत राहते. चांगल्या स्थितीतल्या करवतीचा सर्वांत महत्त्वाचा गुण, बोट सोडले की साखळी थांबणे, तोच गेला. पुढे मांडीला जखम झाली की तिची नोंद ‘निष्काळजीपणा’ अशी होते. खरे कारण दोन महिन्यांपूर्वी न रिकामी केलेली टाकी हे असते.

त्यामुळे महिनाभराहून जास्त न वापरायची असेल तर टाकी उघड्या हवेत रिकामी करावी, इंजिन थंड झाल्यावर. मग ते सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्ब्युरेटरही सुकतो. काही नव्या, संगणकीय कार्ब्युरेटरच्या यंत्रांची पद्धत वेगळी असते, तेव्हा पुस्तिका पाहावी. मिश्रण एका महिन्यात संपेल एवढेच करावे. पाच लिटर एकदम करून ठेवण्यात कसलीही बचत नाही. उरलेले मिश्रण गटारात किंवा विहिरीच्या कडेला ओतणे हा तर गुन्हाच म्हणायला हवा.

साखळीला लागणाऱ्या तेलाचेही असेच. साखळीचे तेल चाकावरून उडून हवेत जाते, हाताला, तोंडाला लागते. पैसे वाचवायला त्या टाकीत गॅरेजमधले जळके ऑइल घालायची पद्धत सर्रास आहे. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये ज्वलनातून तयार झालेली कर्करोगकारक बहुवलयी संयुगे साठलेली असतात, शिवाय धातूचा चुरा. ते तुषार करून स्वतःच्या चेहऱ्याकडे उडवायचे आणि वर पुन्हा नाकावर रुमाल बांधायचा, हा विचित्र व्यवहार आहे. जळक्या ऑइलचा डबा वर्कशॉपमधून हद्दपार केला तर निम्मे काम होते. डोळ्यांसमोर असला की वापरला जातोच. जवसाच्या तेलाने लाकूड पुसणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. त्या तेलाच्या चिंध्या चुरगळून ढिगात टाकल्या तर हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून मगच टाकाव्यात. पेट्रोलच्या खोपीत तर त्या नकोतच.

थोडे विषयांतर. हे यंत्र मुळात लाकडासाठी जन्मलेच नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटलंडच्या दोन डॉक्टरांनी हाताने ओढायची दातेरी साखळी वापरली ती हाडे कापण्यासाठी. अडलेल्या बाळंतपणात जांघेचा सांधा मोकळा करणे हा तिचा एक उपयोग होता, भूल देण्याचे शास्त्र यायच्या कितीतरी आधी. १८३० च्या सुमारास जर्मनीत बर्नहार्ड हाइनने हँडल फिरवून चालणारी हाडांची साखळी-करवत बनवली. लाकडासाठी इंजिनाची करवत यायला पुढचे शतक उजाडावे लागले; आंद्रेआस श्टिलची विजेवरची १९२६ ची, पेट्रोलवरची १९२९ ची. साखळी हाडाला किती सहज कापते, हे तिच्या जन्मापासून ठाऊक आहे.

अमेरिकेत २००९ ते २०१३ या पाच वर्षांत चेनसॉच्या जखमा घेऊन रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आलेल्यांची अंदाजे संख्या १ लाख १५ हजारांहून जास्त होती. सर्वाधिक जखमा हाताच्या बोटांना आणि गुडघ्याला. त्या ऐकून हातमोजे आणि पायांवरचे संरक्षक कापड विकत घेणारे लोक आहेतही. अडचण वेगळीच आहे. करवत पडवीत, हेल्मेट माळ्यावर, कानाचे मफ मुलाने खेळायला नेलेले, आणि पायांचे कापड गेल्या पावसाळ्यात बुरशी आल्यावर कुठेतरी. ‘दोनच फांद्या तर कापायच्यात’ म्हणून कोणी माळ्यावर चढत नाही. संरक्षक साधने वापरली जात नाहीत यामागे बेफिकिरी जितकी आहे, तितकीच मांडणीची चूक आहे. उपाय अगदी घरगुती आहे: हेल्मेट आणि मफ करवतीच्या हँडलवरच अडकवून ठेवायचे, असे की ते काढल्याशिवाय करवत उचलताच येऊ नये.

कानांचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसणे ही कामगार आरोग्याची मान्य मर्यादा आहे, आणि दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात. पेट्रोलची करवत जोरात असताना सहज त्याच्या वर जाते. म्हणजे ‘दोन फांद्या’ कापेपर्यंत दिवसाचा कोटा संपलेला असतो. कंपनाचेही तसेच आहे. १९६० च्या दशकात युरोप आणि जपानमधल्या जंगल कामगारांची बोटे थंडीत पांढरी पडू लागली, बधिर होऊ लागली, तेव्हा हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचे बफर आले. ते रबर पेट्रोलने भिजून आणि वर्षे उलटून फाटते. वर्षातून एकदा, फळीवरून काढून ठेवताना, ते वाकवून पाहायला दोन मिनिटे पुरतात.

पायांच्या संरक्षक कापडाला थोडे जपावे लागते. त्यात लांब धागे असतात. साखळी लागली की ते ओढले जाऊन चाकात गुंततात आणि साखळी अडते. तेला-पेट्रोलने चिकटलेले, ब्लीचने धुतलेले किंवा उंदरांनी कुरतडलेले कापड ते काम करीत नाही. एकदा साखळी लागून फाटलेले कापड शिवून वापरणे म्हणजे स्वतःची फसवणूक.

एकाहून जास्त करवती असलेल्या घरात आणखी एक गोंधळ असतो, तो कानशींचा. साखळीच्या मापानुसार ४, ४.८ किंवा ५.२ मिलिमीटरची गोल कानस लागते. एका डब्यात सगळ्या टाकल्या की हाताला येईल ती वापरली जाते आणि दाताचा कोन बिघडतो. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी डावीकडे-उजवीकडे चावत कशी पुढे जाते ते पाहून आजच्या साखळीचा दात घडवला. त्या दाताची धार गेली की करवत दाबावी लागते, आणि लाकडाच्या ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा उडतो. दाबल्याने कंपन वाढते, हात थकतात. तो बारीक भुसा फुप्फुसांत खोल जातो, आणि लाकडाच्या भुशाची गणनाही निश्चित कर्करोगकारकांत होते. प्रत्येक करवतीच्या खुंटीला तिचीच साखळी, तिचीच कानस, तिचाच पाना लटकलेला असावा. धार काम संपल्यावर लावावी. काम सुरू करायच्या घाईत ती कोणी लावत नाही. पानावर म्यान चढवावे, साखळी स्वच्छ करून तेलाचा हात द्यावा, आणि करवत कमरेच्या उंचीवर ठेवावी. डोक्यावरच्या फळीवरून पाच-सहा किलोचे दातेरी यंत्र ओढून काढताना काय होईल, हे सांगायला नको. मुलांपासून लांब म्हणजे उंच नव्हे. मुलांपासून लांब म्हणजे कुलपात.

बॅटरीवरच्या छोट्या करवतीला लोक खेळणे समजतात आणि ती टीपॉयवरही सापडते. तिला पेट्रोल नाही, धूर नाही, आवाज कमी. पण तिला दोरी ओढावी लागत नाही. बटण दाबले की साखळी फिरते, आणि बटण दाबणे दोन वर्षांच्या मुलालाही जमते. बॅटरी काढून वेगळी ठेवावी, आणि रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नये.

काही मागण्या मात्र घरमालकाकडे करून भागणार नाही. शेतीच्या यंत्रांना अनुदान देताना, यंत्राच्या बिलात हेल्मेट, कानाचे मफ, पायांचे संरक्षण आणि इंधनाचा कॅन धरलेला असल्याशिवाय रक्कम मंजूर होऊ नये. दुकानदाराने कटरबरोबर टू-टी ऑइलची बाटली विकावी आणि मिश्रण कशात करायचे ते सांगू नये, हे चालू देण्यासारखे नाही. फिलिपिन्समध्ये २००२ पासून चेनसॉची नोंदणी बंधनकारक आहे. तो कायदा जंगलासाठी केला गेला, पण कोणाकडे किती यंत्रे आहेत हे त्यामुळे कळते. इतके पुढे जायची गरज नसेलही. गावातल्या पाच घरांत मिळून दोन चांगल्या करवती, एका ठिकाणी, एका जबाबदार माणसाच्या हाती ठेवल्या तर पाच पडव्यांतले पेट्रोल कमी होते. पण आपला कटर दुसऱ्याच्या हाती द्यायला कोणी राजी नसते, ही गोष्ट वेगळी.

आणि जुन्या करवतीचे काय? पुढच्या हाताच्या कठड्याला धक्का लागताच साखळी रोखणारा ब्रेक १९७० च्या दशकात आला. करवत उसळून डोक्याकडे येते ती माणसाच्या प्रतिक्रियेच्या आधी; हा ब्रेक सेकंदाच्या साधारण दशांशात लागतो. तो नसलेली किंवा तुटलेली यंत्रे संग्रहात ‘अजून चालते’ म्हणून राहतात आणि एक दिवस गड्याच्या हाती दिली जातात. त्यांना फळीवर जागा नाही. टाकी रिकामी करून, पान आणि साखळी काढून, दोरी कापून ती भंगारात द्यावीत. दोरी कापायची ती भंगारवाल्याने पुन्हा कोणाला विकू नये म्हणून.